तलाठ्याची वही सोडली, कसणाऱ्याची बाजू धरली : बीडचे खासदार क्रांतिसिंह नाना पाटील

६ डिसेंबर हा क्रांतिसिंह नाना पाटील यांचा स्मृतिदिन. नाव काढलं की सातारा-सांगलीचा मुलूख, पत्री सरकार आणि इंग्रजांना दिलेला दणका आठवतो. पण हे नाना पाटील आपल्या बीड जिल्ह्याचे खासदार होते, हे आजच्या पोरांना सांगितलं तर पटकन खरं वाटत नाही. १९६७ साली बीडच्या मतदारांनी त्यांना दिल्लीला पाठवलं होतं. ना ते या जिल्ह्यात जन्मले, ना जातगोत इथलं, ना गाठीला पैसा. तरी माणसं त्यांच्या मागं उभी राहिली. का, ते समजायचं तर त्यांची सगळी हयात बघावी लागते. त्या हयातीच्या मधोमध एकच प्रश्न उभा आहे. जमीन कसतो एक आणि कागदावर नाव दुसऱ्याचं, मग जमीन कोणाची?

वहीतलं राजकारण कळलेला तलाठी

नाना रामचंद्र पिसाळ, गावकीच्या नावानं पाटील. जन्म ३ ऑगस्ट १९००. गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. हा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, आता सांगली जिल्ह्यात आहे. घर शेतकऱ्याचं, वारकरी वळणाचं. अंगापिंडानं धिप्पाड गडी, तालमीत घुमलेला. आवाज असा की लाऊडस्पीकर नसला तरी सभेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा.

शिक्षण झाल्यावर त्यांना तलाठ्याची नोकरी लागली. त्या काळात तलाठी म्हणजे गावातला मोठा माणूस. जमीन कोणाच्या नावावर आहे, कोण कसतो, खंड किती, सारा किती थकला, कोणाच्या जमिनीवर सावकाराचा बोजा आहे, हे सगळं त्याच्याच वहीत असायचं. पाऊस दगा देतो हे शेतकऱ्याला कळत होतं. पण वही कशी दगा देते हे त्याला कळत नव्हतं, कारण त्याला वाचता येत नव्हतं. अंगठा कशावर उठवला, हे त्याला जप्ती आल्यावर समजायचं.

नाना पाटलांनी हा सगळा कारभार आतून पाहिला. सावकार आधी दाणे देतो, मग पैसे देतो, मग कागद करतो आणि शेवटी जमीन नेतो. ज्याच्या बापानं ती जमीन फोडली, त्याचाच पोरगा त्याच जमिनीत खंडानं राबतो. पुढं कधी खंड थकला की तिथूनही उठवला जातो. म्हणजे आधी मालकाचं कूळ व्हायचं आणि मग कुळाचा मजूर. या तीन पायऱ्या त्यांनी गावोगाव उतरताना बघितल्या.

सत्यशोधक विचारांची माणसं त्या भागात गावोगाव फिरत होती. त्यांचा मोठा परिणाम नाना पाटलांवर झाला. लग्नात कर्ज काढू नका, पोरांना शाळेत घाला, देवाच्या नावावर कोणाला लुबाडू देऊ नका, हे ते तलाठी असतानाच बोलू लागले होते. १९३० साली गांधीजींनी कायदेभंगाची हाक दिली आणि नाना पाटलांनी नोकरीचा राजीनामा दिला. महिन्याचा पगार गेला, मान गेला. त्यानंतर १९४२ पर्यंत त्यांच्या तुरुंगवाऱ्याच चालू राहिल्या.

स्वतःचंच घर, स्वतःचीच जमीन गेली

दुसऱ्याच्या जमिनीची काळजी करणाऱ्या या माणसाची स्वतःची जमीन सरकारनं जप्त केली. राहतं घरही जप्त झालं. घरात म्हातारी आई आणि लहान मुलगी हौसाबाई. सरकारच्या भीतीनं लोक आसरा द्यायला कचरायचे. नातेवाइकांनी बैलगाडी दिली, तिच्यावर माल वाहून या बायामाणसांनी दिवस काढले. या हौसाबाई पुढं स्वतःच स्वातंत्र्यसैनिक झाल्या. भूमिगतांच्या कामात जिवावर उदार होऊन उतरल्या. २०२१ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

नाना पाटलांच्या आयुष्यातली ही गोष्ट बाजूला टाकता येत नाही. बांधावरून हुसकावणं म्हणजे काय असतं, चूल उघड्यावर येणं म्हणजे काय असतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पुढं बेदखल झालेल्या कुळाशी बोलताना त्यांच्या शब्दाला जे वजन यायचं, ते इथून आलं होतं.

पत्री सरकार आणि सावकाराची तिजोरी

ऑगस्ट १९४२ मध्ये चले जावचं आंदोलन पेटलं. तासगाव, वडूज, इस्लामपूर अशा ठिकाणी लोकांनी कचेऱ्यांवर मोर्चे काढले. वडूजला गोळीबारात माणसं पडली. त्यानंतर सातारा जिल्ह्यातले कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३ पासून गावोगाव प्रतिसरकार उभं राहिलं. नाना पाटील त्याचे सर्वांत मोठे नेते. क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी अशी तरुण फळी सोबत होती. सुमारे ४४ महिने नाना पाटील भूमिगत राहिले. त्यांच्यावर बक्षीस लागलं होतं, पण गावानं माणूस दिला नाही.

या सरकारची तुफान सेना होती. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेचा पगार नेणारी गाडी लुटली गेली. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याचा सरकारी खजिना लुटला गेला. या गोष्टी पोवाड्यात, भाषणात नेहमी येतात. पण शेतकऱ्याच्या दृष्टीनं मोठं काम होतं ते गावातल्या न्यायदान मंडळांचं. तिथं वकील नव्हता, फी नव्हती, तारीख पे तारीख नव्हती. बांधाचा तंटा, वाटणीचा तंटा, बाईला टाकून दिल्याचा तंटा गावातच मिटायचा. फसवून लिहून घेतलेल्या जमिनी सावकाराकडून सोडवून ज्याच्या त्याला परत दिल्या गेल्या. कमी खर्चातली लग्नं लावली गेली. दारूवर बंदी आली, वाचनालयं निघाली.

या सरकारच्या शिक्षा कडक होत्या, हेही सांगायला पाहिजे. दरोडेखोर, पोलिसांचे खबरे, गोरगरिबाला नाडणारे गावगुंड आणि सावकार यांच्या तळपायावर मारायचे. बैलाच्या पायाला पत्री मारतात, त्यावरून लोकांनी प्रतिसरकारचं पत्री सरकार केलं. या शिक्षांवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. पण ज्या गावात पोलीस सावकाराच्या ओसरीवर चहा प्यायचा, तिथं गरिबाला पहिल्यांदाच कोणीतरी वाली मिळाला होता, हे त्या भागातली जुनी माणसं सांगत राहिली.

नाना पाटलांची पुढची सगळी वाट या कामातून निघते. राज्य इंग्रजाचं जाऊन आपलं आलं तरी जमिनीचा कागद जर तसाच राहिला, तर कुणब्याच्या दारात स्वातंत्र्य येणार नाही, हे त्यांच्या मनात पक्कं झालं. १९४६ ला ते उघड झाले. काँग्रेसमधून बाहेर पडून शेतकरी कामगार पक्षात गेले आणि तिथून पुढं कम्युनिस्ट पक्षात. पक्ष बदलले, प्रश्न मात्र बदलला नाही.

तेव्हा बीडमध्ये काय चाललं होतं

साताऱ्यात हे चालू असताना बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथं इंग्रजांचा कायदा नव्हता, निजामाचा होता. दिवाणी गावं वेगळी, जहागिरीची गावं वेगळी. जहागिरीच्या गावात सरकार म्हणजे जहागीरदारच. रयत जमीन कसायची, खळ्यावर वाटणी व्हायची आणि मालकाचा वाटा आधी उचलला जायचा. वर्षानुवर्षं एकाच रानात राबलेल्या माणसाकडंही चिठोरा नसायचा. मालकाची मर्जी फिरली की दुसऱ्या वर्षी तिफण दुसऱ्याची.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. १९५० मध्ये हैदराबाद राज्याचा कूळकायदा आला. त्यात संरक्षित कूळ ही नवी गोष्ट होती. ठरलेली वर्षं सलग जमीन कसणाऱ्याचं नाव संरक्षित कूळ म्हणून लागणार, त्याला मालकाच्या मर्जीनं काढता येणार नाही, खंडाला मर्यादा राहणार आणि जमीन विकायची झाली तर पहिला हक्क त्याचा. ज्या माणसानं कधी कागद बघितला नव्हता, त्याचं नाव पहिल्यांदाच सरकारी वहीत लागलं.

आणि इथंच खरी लढाई सुरू झाली. कायदा कुळाच्या बाजूनं होता, पण विहीर मालकाची, बैल मालकाचे, उसनवारी मालकाची, कचेरीत ओळख मालकाची. कायद्यात एक वाट होती. कुळानं आपल्या खुशीनं जमीन सोडली तर ती मालकाकडं जाणार. त्यासाठी तहसीलदारासमोर लेखी राजीनामा द्यायचा. मग गावोगाव राजीनामे सुरू झाले. कोणाला कर्ज माफ करतो म्हणून सांगितलं, कोणाला पोराला सालानं ठेवतो म्हणून, कोणाला नुसता दम दिला. अंगठा उठला की खुशी सिद्ध.

उस्मानिया विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ ए. एम. खुसरो यांनी त्या काळात हैदराबाद राज्यातल्या गावांची पाहणी केली होती. १९५१ साली ज्यांची संरक्षित कूळ म्हणून नोंद झाली, त्यांतल्या शंभरपैकी साधारण ४५ जणच तीन-चार वर्षांनी जमिनीवर कूळ म्हणून टिकून होते. १२ जणांनी जमीन विकत घेतली होती. कायद्यानं रीतसर काढले गेले ते जेमतेम दोन-तीन. २२ जण बेकायदा हुसकावले गेले आणि १७-१८ जणांनी खुशीनं जमीन सोडली अशी नोंद होती. म्हणजे शंभरातली चाळीस कुळं संरक्षण देणारा कायदा आल्यावरच उठली. जमीन वाचवण्यासाठी कायदा आला आणि तो पूर्ण लागू व्हायच्या आतच रान मोकळं करून घेतलं गेलं.

जी कुळं टिकली, ती का टिकली? काहींना मालक भला भेटला. पण पुष्कळजण टिकले ते हटून बसले म्हणून. काही झालं तरी पेरणी चुकवायची नाही, खंडाची पावती मागायची, पावती दिली नाही तर पैसे कचेरीत भरायचे आणि कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. एकट्यानं ते जमत नव्हतं. भावकी, शेजारी, गावातली दोन लिहिती पोरं आणि कोणत्या तरी संघटनेचा माणूस पाठीशी लागायचा. या माणसांचे पुतळे कुठंच नाहीत. त्यांच्या नातवंडांच्या सातबाऱ्यावर मात्र आज नाव आहे.

किसान सभेचे अध्यक्ष

१९५५ मध्ये अखिल भारतीय किसान सभेचं अधिवेशन ठाणे जिल्ह्यात डहाणूला झालं आणि तिथं नाना पाटील अध्यक्ष झाले. ही सभा १९३६ साली लखनौमध्ये स्थापन झाली होती आणि बिहारचे स्वामी सहजानंद सरस्वती तिचे पहिले अध्यक्ष होते. तलाठ्याची नोकरी सोडलेला वाळव्याचा शेतकरी आता देशभरच्या शेतकऱ्यांच्या संघटनेच्या गादीवर बसला.

डहाणू ही जागाही साधी नव्हती. दहा वर्षांपूर्वी त्याच भागात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकारानं वारली आदिवासी वेठबिगारीच्या विरोधात उठले होते. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन पाच माणसं मेली, तरी चळवळ मोडली नाही. ज्यांच्या बापजाद्यांची जमीन होती तेच तिथं गडी झाले होते. वाळव्यात सावकार, मराठवाड्यात जहागीरदार, डहाणूत जमीनदार. नावं वेगळी असली तरी रीत एकच होती.

त्या वर्षांत किसान सभेपुढं देशभर एक मोठा विषय होता, तो म्हणजे कुळांची बेदखली थांबवणं. प्रांताप्रांतात कूळकायदे येत होते आणि त्याबरोबर मालक मंडळी कुळांना उठवत होती. बंगाल असो, आंध्र असो की महाराष्ट्र, तक्रार सारखीच. कायदा करताना आधी बेदखली बंद करा आणि मग बाकीचं बघा, अशी शेतकरी संघटनांची मागणी होती. मुंबई राज्याच्या कूळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा दिवस कृषक दिन ठरला आणि त्या दिवसापासून कुळाला मालक मानायचं ठरलं. पश्चिम महाराष्ट्रात हजारो घरांना त्यातून जमीन मिळाली. पण त्या आधी ज्यांनी राजीनामा दिला होता, त्यांच्या हाती काहीच लागलं नाही.

त्याच १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले. दिल्लीला गेले तरी अंगातला सदरा आणि डोक्याचा फेटा तसाच. बोलणंही मराठीतच. शेतकऱ्याची गोष्ट शेतकऱ्याच्या भाषेत लोकसभेत मांडणारा खासदार म्हणून त्यांचं नाव झालं.

बीडनं दिलेली साथ

बीडच्या मतदारानं डाव्यांना साथ दिली ती काही १९६७ लाच पहिल्यांदा नाही. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत बीडमधून पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे निवडून गेले होते. निजामाच्या विरोधातली लढाई ताजी होती आणि जमिनीचा प्रश्न तर डोळ्यांसमोर होता. त्यानंतर दोन वेळा काँग्रेसनं जागा घेतली. १९६७ ला भारतीय कम्युनिस्ट पक्षानं नाना पाटलांना बीडमधून उभं केलं. वय तेव्हा ६६. राज्यात काँग्रेसचा जोर होता. गावोगावचे वजनदार लोक, सोसायट्या, पंचायती बहुतेक त्यांच्याच हातात. तरी नाना पाटील निवडून आले.

आष्टी, पाटोद्याच्या बालाघाटातली माळरानं असोत की गेवराई, माजलगावची गोदाकाठची काळी जमीन, इथल्या माणसाला नाना पाटलांची भाषा परकी वाटली नाही. त्यांच्या बोलण्यात औत, बैल, बांध, पाऊस आणि सावकार यायचे. मोठमोठे शब्द नसायचे. अर्धा वेळ हसवायचे आणि मधेच असं काही बोलायचे की माणूस गप्प व्हायचा. शिवाय हा माणूस निवडणुकीपुरता जमिनीवर बोलत नव्हता. त्यानं जमिनीपायी स्वतःची जमीन घालवली होती, हे लोकांना ठाऊक होतं. त्या काळात टीव्ही नव्हता, मोबाईल तर नव्हताच. पण माणसाची कीर्ती त्याच्या आधी गावात पोचायची.

चौथी लोकसभा मुदतीआधीच बरखास्त झाली आणि १९७१ ला काँग्रेसनं पुन्हा बीडची जागा घेतली. पण १९७७ ला परत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे बीडचे खासदार झाले. आज जातीपातीच्या गणितावर मतं मोजली जातात. पण याच जिल्ह्यानं तीन वेळा जमिनीच्या प्रश्नावर लढणाऱ्यांना दिल्लीला धाडलं होतं.

शेवटपर्यंत रिकामा हात

नाना पाटलांनी साखर कारखाना काढला नाही, संस्था काढली नाही, मागं इस्टेट ठेवली नाही. ६ डिसेंबर १९७६ ला त्यांनी प्राण सोडला. त्यांच्याच इच्छेप्रमाणे वाळव्याला अंत्यसंस्कार झाले. जमिनीवर हक्क सांगणाऱ्या हजारो माणसांसाठी हा माणूस लढला. स्वतःसाठी मात्र त्यानं काहीच मिळवलं नाही.

त्यांना आठवायचं तर पुतळ्याला हार घालून भागणार नाही. त्यांच्या हयातीत जी गोष्ट होती ती आज वेगळ्या रूपात आपल्या बांधावर उभी आहे. जिल्ह्यात कितीतरी शेतकरी दुसऱ्याची जमीन बटईनं नाहीतर ठोक्यानं करतात. बियाणं त्यांचं, खत त्यांचं, रात्रीचं पाणी धरणं त्यांचं. अतिवृष्टी झाली की पंचनामा होतो सातबाऱ्यावरच्या नावाचा आणि अनुदान जातं मालकाच्या खात्यात. पीकविमा भरायला गेलं तर नोंदणीकृत भाडेकरार मागतात. मालक लिहून द्यायला भितो, कारण कूळ लागेल ही जुनी धास्ती अजून गेलेली नाही. मालकही पुष्कळ वेळा दोन-तीन एकरांचाच असतो, तोही गरीबच. पण सगळा तोटा कसणाऱ्याच्या अंगावर पडतो, हे बदललेलं नाही.

सावकारीचंही तसंच. पत्री सरकारनं जे काम गावच्या मंडळात केलं, त्यासाठी आता कायदा आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात, बेकायदा सावकारानं कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं अर्ज करता येतो. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असला पाहिजे. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर खरेदीखत रद्द होऊन जमीन परत मिळू शकते. उसतोडीला जाताना, दवाखान्यासाठी, पोरीच्या लग्नासाठी अडचणीत अंगठा दिलेल्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नाना पाटलांच्या वेळी वही तलाठ्याच्या दप्तरात होती आणि ती बघायला कुणब्याला हात जोडावे लागायचे. आज सातबारा मोबाईलवर निघतो. ई-पीक पाहणीही मोबाईलवरूनच होते. आपल्या गटाचा सातबारा उघडावा. कब्जेदाराचं नाव बघावं, इतर अधिकारात काय लिहिलंय ते बघावं, नवा फेरफार कोणता पडलाय ते बघावं. घरातल्या शिकलेल्या पोरीनं किंवा पोरानं तो म्हाताऱ्या माणसांना मोठ्यानं वाचून दाखवावा. न वाचलेल्या कागदावर सही करू नये आणि कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

सत्तर वर्षांपूर्वी ज्या कुळांनी अंगठा द्यायला नकार दिला, त्यांची रानं टिकली. दहशतीनं, अडचणीनं किंवा न वाचता ज्यांचा अंगठा उठला, त्यांची पुढची पिढी कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागली.